साठ सेकंदांची घरफोडी

हॉलिवुडचा हॅकर काय टाइप करतो हो! ‘स्वोर्डफिश’मध्ये (२००१) डोक्याला पिस्तूल लावलेलं, हातात ६० सेकंद, आणि तेवढ्यात गडी सरकारी यंत्रात शिरतोसुद्धा. ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये (१९९६) तर एक गृहस्थ लॅपटॉपवरून परग्रहवासीयांच्या यानात व्हायरस सोडतात. आमच्या शाखेत नवा प्रिंटर आणला तर आमचंच यंत्र त्याला आठवडाभर ओळख देत नाही!

सिनेमावाल्यांना चोरी म्हणजे बोटांचा वेग वाटतो. खरी चोरी ही चिकाटीची बाब. बांगलादेश बँकेत जानेवारी २०१५मध्ये नोकरीच्या अर्जाचं सोंग घेऊन ई-मेल आले. कुणीतरी अर्ज उघडला. झालं! चोर आत आले आणि वर्षभर मुकाट्याने वाटा न्याहाळत बसले. हा प्रसंग कुठला दिग्दर्शक घेईल? मग फेब्रुवारी २०१६मध्ये ढाका, न्यूयॉर्क आणि मनिला इथल्या सुट्ट्या एकाला एक जोडून (ही विद्या खास कारकुनाची!) त्यांनी ८ कोटी १० लाख डॉलर लांबवले. श्रीलंकेकडे निघालेले आणखी २ कोटी मात्र अडले. कशामुळे? तर ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं, आणि वाटेतल्या बँकेत ते कुणाला तरी खटकलं. त्या खटकण्यावर सिनेमा निघत नाही.

सिनेमे बघून आपण लाल दिवे लुकलुकायची वाट पाहतो. चोर मात्र अदबीने लिहितो, ‘सोबत बायोडाटा जोडला आहे. कृपया पाहावा.’ आणि आपण पाहतो.