एका गळ्यातले रामायण

अलीकडे इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत सुधीर फडके यांची गाणी पुष्कळ होतात. जरूर व्हावीत. पण ती ज्या रीतीने गायली जातात, त्याविषयी आम्हांला थोडे लिहायचे आहे.

'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. वर्षभरात छप्पन गीते झाली. तो वार शुक्रवार होता. रास्ता पेठेतल्या आमच्या घरांत शुक्रवारची सकाळ म्हणजे शब्बाथच्या तयारीची धांदल, तरी तेवढा वेळ आयांचे हात थांबत. शेमा म्हणणाऱ्या घरांत रामकथा कशी रमली, असे येथे जन्मलेली मुले विचारतात. त्याचे उत्तर आपल्या कीर्तनात आहे. १८८० च्या सुमारास आपल्या वाडवडिलांनी हरिदासांची कीर्तने ऐकून आपली रचली. योसेफाची, मोशेची कथा साकी, दिंडी, ओवी गाऊन सांगितली. कथा गाऊन ऐकायची सवय आपल्या कानांना आधीपासूनच होती.

रेडिओवर गायक अनेक होते. पुढे फडके सगळी गीते एकटेच गाऊ लागले. पुण्यात मंडपातल्या सतरंजीवर मांडी घालून आम्ही त्यांना ऐकले. समोर पेटी, साथीला तबला, हावभाव जवळजवळ नाहीत. कान सगळे शब्दांकडे. जोडाक्षर मोडत नसे, ओळीच्या शेवटचे अक्षर गिळले जात नसे; मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही अर्थ लागे. तोरा वाचताना तेआमीम शब्दाला तोलून धरतात, झाकून टाकत नाहीत. फडक्यांची चाल तशी आहे.

सगळेच त्यांच्या गळ्याला शोभले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सीतेसाठी आम्हांला अजून माणिक वर्माच हव्यात. फडके सीतेचे दुःख सांगतात. माणिकबाईंच्या आवाजात ते होते. उलट रामाने भरताची समजूत घालण्याचे गीत दुसऱ्या कोणी गाऊ नये. माणूस पराधीन आहे हे राम तेथे कडव्यामागून कडव्यात सांगतो आणि आवाज एकदाही रडका होत नाही. कोहेलेत वाचलेल्या माणसाला ते गीत परके वाटत नाही.

आणि नेमके तेच गीत आपल्याकडे दोन कडव्यांत उरकतात. मागे यंत्रातून तयार संगीत वाजते, ढोलाचा ठोका शब्दांवर पडतो, गाणारा कागदावरून हिब्रू अक्षरांत लिहिलेली मराठी वाचतो. त्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. त्याने गायला उभे राहावे हेच मोठे. पण भाऊ भावाला काय सांगतो आहे, हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवे होते, आणि ते सांगू शकणारे आपण सगळे पुढच्याच रांगेत बसलेले असतो.

पुढच्या कार्यक्रमात एकच गीत घ्यावे, सगळ्या कडव्यांसकट, नुसत्या पेटी-तबल्यावर. आधी पाच मिनिटे हिब्रूत अर्थ सांगावा. सांगायला आम्ही तयार आहोत.