दोन पर्वांमधला साकव : 'सुइकोगाइदेन'

पांडवांच्या अश्वमेधाचा घोडा मणिपुरास अडतो, बभ्रुवाहन प्रत्यक्ष आपल्या पित्यासमोर धनुष्य घेऊन उभा राहतो, आणि ऐन अशा वेळी जैमिनी ऋषी मुख्य कथा बाजूस ठेवून जनमेजयास कुशलवांचे आख्यान सांगू लागतात. श्रीधरांच्या 'जैमिनी अश्वमेधा'चे पारायण ज्यांनी देवळात ऐकले आहे त्यांस हे स्थळ आठवेल. आमच्या संतपूर-औरादकडे मराठी व कानडी दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसतात. त्यामुळे लक्ष्मीशाच्या कन्नड 'जैमिनी भारता'तून हीच कथा ऐकलेले श्रोतेही येथे भेटतात. भारताच्या पोटात रामायणाचा हा प्रवेश कशासाठी? मुलाने बापावर शर सोडावा हा प्रसंग यापूर्वीही एकदा घडला होता, एवढे सांगण्यासाठी. दोन महाकाव्यांमध्ये टाकलेला हा साकव आहे. कोकणातल्या वाचकांस साकव म्हणजे काय हे सांगावयास नको. घाटावरल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की तो ओढ्यावरचा लाकडी, अरुंद, एका माणसापुरता पूल.

असाच एक साकव अलीकडे आमच्या पाहण्यात आला, आणि तो अगदी परक्या मुलखातला आहे. जपानातील कोनामी या कंपनीने 1995 साली 'सुइकोदेन' नावाचा एक खेळ काढला. दूरदर्शन संचाला यंत्र जोडून, कथेतील नायकाची भूमिका आपण स्वतः घेऊन खेळावयाचा, अशा जातीचा तो खेळ. त्याचे नाव व कल्पना एका जुन्या चिनी कादंबरीवरून घेतलेली आहे. छत्तीस दिव्य तारे व बहात्तर पार्थिव तारे मिळून एकशे आठ वीर एका झेंड्याखाली जमतात, ही ती कल्पना. जपमाळेच्या मण्यांशी ही संख्या जुळते हे पाहून आमच्या काही मित्रांस फार कौतुक वाटले. आम्ही त्यावर अधिक अर्थ लादू इच्छीत नाही. 1998 साली दुसरा खेळ आला व 2002 साली तिसरा. यांच्या मधल्या काळात, 2000 व 2001 साली, 'सुइकोगाइदेन' हे दोन भागांचे छोटे पुस्तक निघाले. पुस्तक म्हणण्याचे कारण असे की त्यात खेळण्यासारखे फार थोडे आहे. पडद्यावर स्थिर चित्र येते, खाली मजकूर उमटतो, तो वाचून आपण पुढे जातो, आणि मध्येच कोठे तरी 'आता काय करावे?' म्हणून दोन-तीन पर्याय समोर येतात. हिला चित्रकादंबरी म्हणतात.

हा प्रकार आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. पाठीस पाठ लावून चिकटवलेल्या चित्रांची पोथी समोर उभी करावयाची, एक चित्र संपले की दुसरे पुढे आणावयाचे, आणि वाद्याच्या साथीवर कथा सांगावयाची. ही परंपरा जपल्याबद्दल पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री मिळाली. भेद एवढाच की चित्रकथी श्रोत्यास 'आता अर्जुनाने काय करावे?' असे विचारीत नाही. आणि विचारले तर आमच्याकडचे श्रोते रात्रभर भांडत बसतील!

'गाइदेन' म्हणजे बाहेरची कथा. हा बाहेरपणाच या कृतीचा खरा विषय आहे असे आमचे मत झाले आहे. दुसऱ्या खेळात एकाच नगरात वाढलेले दोन जिवलग मित्र एका सीमेच्या दोन बाजूंस जातात. एकाच मंत्रचिन्हाचे दोन तुकडे, एक ढाल व एक खड्ग, दोघांच्या हातावर उमटतात. एक जोस्टनच्या नगरराज्यांचा सेनानी होतो, दुसरा हायलँडचा राजा. कथा हृदयद्रावक आहे, पण ती आपण एकाच मित्राच्या डोळ्यांनी पाहतो. हायलँडच्या पाठीशी उभे असलेले हार्मोनिया हे बलाढ्य राज्य तीत पडद्याआडच राहते. तिसरा खेळ याच्या नेमका उलट आहे. तेथे एक नायक नाही, तीन आहेत, आणि प्रत्येकाच्या दृष्टीने तीच लढाई वेगळी दिसते. एकाचा वीर हा दुसऱ्याचा मारेकरी ठरतो. आणि हार्मोनिया आता उघडपणे चाल करून आलेले असते.

एका दृष्टीपासून तीन दृष्टींपर्यंत वाचकास न्यावे कसे? येथे नॅश पुढे येतो. हा हार्मोनियाचा हेर. दुसऱ्या खेळातील युद्ध चालू असताना तो जोस्टनच्या मुलखात पाठविला जातो. त्याच्या हातावर कोणतेही थोर मंत्रचिन्ह नाही, त्याच्यामागे एकशे आठ वीर नाहीत, त्याने काही जिंकावे अशी कोणाची अपेक्षा नाही. त्याने फक्त पाहावयाचे व कळवावयाचे. ज्या युद्धात आपण पूर्वी नायक होतो, तेच युद्ध आता शत्रूकडच्या पगारी माणसाबरोबर रस्त्याच्या कडेने पाहावे लागते. लेखकाची ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटली. सीमेवर राहणाऱ्या माणसास तिचे मर्म सांगावे लागत नाही. 1956 साली जुना बीदर जिल्हा दुभागला, उदगीर-निलंगा एका राज्यात व औराद-भालकी दुसऱ्या राज्यात गेले; त्या वेळी येथील एकाच घराच्या दोन शाखांस नकाशाच्या दोन बाजूंनी स्वतःकडे पाहण्याची सवय करून घ्यावी लागली.

दुसऱ्या भागात कथा हार्मोनियाच्या राजधानीकडे, क्रिस्टल व्हॅलीकडे वळते व नॅशच्या स्वतःच्या घराण्याचा जुना हिशेब पुढे येतो. तोवर केवळ एक भयंकर नाव असलेल्या राज्यात घरे, भाऊबंदकी, बहिणीची काळजी, अपमान हे सारे आहे असे दिसू लागते. तिसऱ्या खेळातील शत्रू परका वाटत नाही याचे अर्धे श्रेय आम्ही या भागास देऊ.

तथापि दोषही सांगितले पाहिजेत, आणि ते लहान नाहीत. पहिल्या भागात दुसऱ्या खेळातील परिचित पात्रे वाटेत भेटत राहतात. जत्रेत ओळखीचा माणूस दिसावा, दोन शब्द व्हावेत आणि गर्दीने त्यास पुढे ढकलावे, तसे हे चालते. वाचकास आनंद होतो, पण कथा जागची हलत नाही. कुशलवांचे आख्यान ज्याने भारत वाचले नाही त्यालाही रडवते. 'सुइकोगाइदेन' मात्र दोन्ही काठ ठाऊक नसलेल्या माणसाच्या पायांखाली डळमळते. निवडीचे जे पर्याय समोर येतात त्यांतही आम्हांस फारसे वजन जाणवले नाही. नॅशला शेवटी तिसऱ्या खेळापर्यंत सुखरूप पोहोचवावयाचे आहे, हे लेखकाइतकेच आपल्यालाही कळलेले असते.

आता सर्वांत खेदाची गोष्ट. ही कृती कंपनीने इंग्रजीत कधी आणलीच नाही. तिसरा खेळ आला. त्यात मध्यमवयीन नॅश क्रिस या तरुण सेनानायिकेच्या वाटेवर येऊन तिची सोबत करतो, आणि बोलता बोलता आपल्या बायकोच्या धाकाचा पुन्हा पुन्हा उल्लेख करतो. इंग्रजी वाचकांस तो केवळ विनोद वाटला. जपानी वाचकास मात्र पहिल्या भागातील सिएरा आठवली असणार. ही सिएरा आठशेहून अधिक वर्षे जगलेली, दिसावयास तरुण, बोलावयास एखाद्या करड्या आजीसारखी; आणि नॅशचे तिच्यापुढे काही चालत नसे. ही बायको तीच काय? खेळ उत्तर देत नाही, पण प्रश्नाचा गोडवा साकवावरून आलेल्यासच चाखता येतो. दहाहून अधिक वर्षांनी काही चाहत्यांनी पदरमोड करून, कोणी सांगितले नसता, दोन्ही भाग इंग्रजीत उतरविले. आम्हीही ते तेथूनच वाचले. एखाद्या गावात पूल सरकार बांधीत नाही, आणि पावसाळ्यापूर्वी गावकरीच माडाचे ओंडके आणून टाकतात, तसे हे काम. त्याच्या भाषेत येथे तेथे ओबडधोबडपणा आहे, पण पाय ओले होत नाहीत.

या मालिकेचे मूळ निर्माते योशिताका मुरायामा तिसरा खेळ पुरा होण्यापूर्वीच कंपनी सोडून गेले होते. 2024 च्या फेब्रुवारीत ते वारले. 2025 च्या मार्चमध्ये पहिले दोन खेळ नव्या रूपात, चित्रे उजळून, पुन्हा विक्रीस आले. त्या संचात नॅशचे दोन भाग घातलेले नाहीत. आमच्या ओसरीवर जो मुलगा आम्हांस हे सारे दाखवीत होता, त्याने नवा संच घेतला, दुसरा खेळ संपवला, आणि विचारले की याच्या पुढे काय वाचू. आम्ही त्यास चाहत्यांचे ते ओबडधोबड भाषांतर काढून दिले व सिएराविषयी एक शब्दही आधी सांगितला नाही.