मॅडम सी. जे. वॉकर : चरित्र आणि पडद्यावरील प्रतिमा

प्रस्तावना

मॅडम सी. जे. वॉकर (१८६७-१९१९) या केशप्रसाधनांच्या व्यवसायातील आद्य कृष्णवर्णीय अमेरिकन उद्योजिकांपैकी एक होत. त्यांच्या खापरपणती अलेलिया बंडल्स यांचे 'ऑन हर ओन ग्राउंड' (२००१) हे चरित्र आणि त्यावरून प्रेरित 'सेल्फ मेड' (२०२०) ही नेटफ्लिक्सवरील मालिका यांची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन

लुईझियानातील डेल्टा येथे, पूर्वी गुलाम असलेल्या दांपत्याच्या पोटी सारा ब्रीडलव्ह जन्मल्या. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या, चौदाव्या वर्षी विवाह आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. सेंट लुईस येथे कपडे धुऊन त्यांनी मुलीला वाढविले. पुढे अॅनी टर्नबो-मलोन यांच्या 'पोरो' प्रसाधनांच्या विक्रेत्या म्हणून त्यांनी काम केले आणि १९०६ च्या सुमारास डेन्व्हर येथे 'मॅडम वॉकर' हे नाव धारण करून स्वतःचा व्यवसाय उभारला. तप्त कंगव्याचा शोध वॉकर यांनी लावला, ही दंतकथा बंडल्स नाकारतात. आपल्या पूर्वजेच्या कीर्तीला कात्री लावणारा हा प्रामाणिकपणा त्यांच्या चरित्राचे मोठे बळ आहे.

मालिकेत मलोन यांच्या जागी अॅडी मनरो हे काल्पनिक पात्र येते. ही उजळ वर्णाची स्त्री साराला तिच्या रूपावरून हिणविते. कृष्णवर्णीय समाजातील वर्णभेदाची उतरंड खरी होती, आणि नाटककाराला स्वातंत्र्यही असते. तथापि, १९१८ मध्ये सेंट लुईस येथे पोरो कॉलेजची वास्तू उभारून अनेक स्त्रियांना प्रशिक्षण व रोजगार देणाऱ्या मलोन यांचे कार्य या खलनायिकेआड झाकले जाते. दोन उद्योजिकांचा इतिहास दोघींच्या भांडणापुरता उरतो.

मालिकेचे शीर्षकही तपासण्याजोगे आहे. १९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे वॉकर यांच्या दोनशेहून अधिक विक्रेत्या अधिवेशनासाठी जमल्या. त्याच वर्षी ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले होते. या अधिवेशनाने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार पाठवून झुंडबळींविरुद्ध कायद्याची मागणी केली. केसांचे तेल विकणाऱ्या स्त्रिया येथे नागरिक म्हणून बोलत होत्या. 'स्वतःच्या बळावर' हे बिरुद या सामूहिक बळाला सामावून घेऊ शकत नाही.

समारोप

बंडल्स यांचे चरित्र एका व्यक्तीभोवती फिरत असले तरी तिच्यावरील ऋणांची नोंद ठेवते. मालिका ती पुसते. वंचित समाजातील कर्तृत्ववान स्त्रीचा गौरव करताना तिच्या सहकारी स्त्रियांना विस्मृतीत ढकलणे हा त्या समाजाच्या इतिहासावरच अन्याय ठरतो.