बारा वर्षांची मुदत ठेव

गाण्यातलं कळणाऱ्या माणसांची मला पूर्वीपासून धास्ती आहे. आपण सुखाने मान डोलवावी आणि नेमक्या त्याच जागेवर त्यांनी कपाळाला आठी घालावी! आता ही मंडळी गाण्याच्या बैठकीतून उठून दुसऱ्याच बैठकीत येऊन बसली आहेत. तिथे ती पेला उजेडाकडे धरतात, त्यात नाक खुपसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं... पेअर!" शेंगदाण्याकडे गेलेले बाकीच्यांचे हात जागच्या जागी थांबतात. ज्याने सिंगल मॉल्ट स्कॉच आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाला लावलेली असते, तो बिचारा पेल्यात पेअरची फोड शोधत बसतो.

माझं भांडण त्या व्हिस्कीशी नाही. तिच्यावरच्या साहित्याशी आहे. हे साहित्य बाटलीच्या खोक्यावर छापलेलं असतं आणि त्याची समीक्षा करायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण खोक्याचे पैसे बाटलीच्या किमतीतच धरलेले असतात. मध, व्हॅनिला, हीदरची फुलं, जुनं चामडं आणि सरतेशेवटी 'दीर्घ समाप्ती'. दीर्घ समाप्ती मला ठाऊक आहे. आमच्या युनियनच्या वार्षिक सभेला ती असते. पण हीदर? स्कॉटलंडच्या माळांवर ती जांभळी फुलते, तेव्हा तिथल्या माणसाला ती आठवणं साहजिक आहे. आमच्या गॅलरीत सदाफुली आहे. हे लेखन खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते दुसऱ्याच्या आठवणींनी भरलेलं असतं. नवशिक्याला मात्र वाटतं, आपल्या जिभेतच काहीतरी कमी आहे. मग ती उणीव भरून काढायला तो आणखी महागाची बाटली घेतो. या साहित्याचा हेतूही तोच असावा, अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा खोक्यावरचं ललित सोडावं आणि लेबलावरचं रुक्ष वाचावं. स्कॉचचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून जो दाखवतात तो एखाद्या काव्यात नाही, तर १४९४ सालच्या स्कॉटलंडच्या सरकारी जमाखर्चात आहे. जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'जीवनजल' करण्यासाठी आठ मापं मॉल्ट दिल्याची ती नोंद! मी बी.कॉम. आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला. कुणा कारकुनाने त्या दिवशी वही भरायचा कंटाळा केला असता, तर इतिहासकार काय करणार होते?

कारकुनाच्या नजरेने लेबल वाचलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. एकाच पिंपातली नव्हे. 'मॉल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपण नाचणीचं सत्त्व करायला मोड आणतोच की. २००९ च्या ब्रिटिश नियमांप्रमाणे ही दारू स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं ठेवावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही. मात्र रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला मुभा आहे. म्हणजे सोनेरी रंग पाहून बाटली निवडणं हे कलप पाहून जावई निवडण्यासारखं झालं.

राहिलं वय. बाटलीवरचा १२ हा आकडा म्हणजे आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय. ही एक मुदत ठेवच आहे, फक्त व्याज उलटं. पिंपातली दारू दरसाल दरशेकडा सुमारे २ या दराने उडून जाते. स्कॉटिश लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. चक्रवाढीने हिशेब केला तर १०० लिटरचे १२ वर्षांनी साधारण ७८ उरतात आणि १८ वर्षांनी ७० सुद्धा पुरते उरत नाहीत. अठरा वर्षांच्या बाटलीला जादा पैसे पडतात ते देवदूतांच्या पिण्याचे आणि गोदामात अडकलेल्या भांडवलाचे. चव दीडपट होईल अशी हमी त्यात कुणीच दिलेली नसते. आपल्या गोव्याच्या उष्म्यात तर देवदूतांना तहान फारच लागते. म्हणून २०१२ साली बाजारात आलेली तिथली पॉल जॉन सहसा कोवळ्या वयातच बाटलीत शिरते, आणि तरीही तिला परदेशात गिऱ्हाईक आहे.

आता प्रत्यक्ष बाटल्या. ग्लेनलिव्हेट १२ आणि ग्लेनफिडिक १२ यांना जाणकार नाकं मुरडतात, कारण त्या कुठेही मिळतात. हा दोष वडापावातही आहे. दोन्ही हलक्या, गोडसर, फळांच्या वासाच्या. ग्लेनफिडिक थोडी पातळ वाटते हे खरं. पण तिच्या मालकांनी १९६३ साली सिंगल मॉल्ट स्कॉटलंडबाहेर खपवायचं मनावर घेतलं नसतं, तर आजच्या जाणकारांना जाणायला काय उरलं असतं? तरी दोहोंत निवड करायची तर मी ग्लेनलिव्हेटला मत देईन. तिची गोडी जिभेवर जरा जास्त रेंगाळते. ॲबरलावर १२ ही शेरीच्या पिंपांतही मुरते, म्हणून तिच्यात मनुकांचा भास होतो. शिऱ्यातले बेदाणे वेचून खाणाऱ्यांनी ती घ्यावी.

लफ्रॉइग १० ची गोष्टच वेगळी. तिची बार्ली पीट नावाच्या दलदलीतल्या इंधनाच्या धुरावर वाळवतात. वास म्हणाल तर पेटलेला बंब आणि शेजारी टिंक्चर आयोडीनची फुटलेली बाटली. ती ज्या बेटावर होते त्याचा उच्चार 'आयला' असा आहे. पहिल्या घोटाला मराठी माणसाच्या तोंडून बेटाचं नाव अगदी शुद्ध बाहेर पडतं! पहिली बाटली म्हणून ती घेऊ नये. पहिला पेग म्हणून कुठेतरी जरूर घ्यावा.

पाणी घालावं का? खुशाल घालावं. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं, की पाण्याने धुराच्या चवीचा रेणू पेल्याच्या पृष्ठभागाकडे सरकतो. चार थेंबांनी वास खुलतो तो असा. यापुढे कुणी डोळे वटारले तर विज्ञान आपल्या बाजूला आहे.

शेवटी पैसा. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात स्कॉचवरची १५० टक्के आयात ड्यूटी आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं आहे. तेवढं थांबण्यापेक्षा भिशी बरी. चौघांनी चार महिने पाळीपाळीने एकेक बाटली आणावी आणि ती महिनाभर पुरवावी. एका बाटलीच्या पैशात चौघींशी ओळख होते. ७५० मिलिलिटरमध्ये ३० चे २५ पेग बसतात. प्रत्येकी ६, आणि वरचा एक यजमानाचा. परवाना ज्याने त्याने आपापला काढावा.

आमच्या भिशीत एकच नियम आहे. घोट घेण्याआधी खोकं वाचायचं नाही. स्वतःला काय आठवलं ते सांगायचं. आमचे कॅशियर इतक्या वर्षांत नोटांच्या खरेखोटेपणापलीकडे कशावरही मत देताना कुणी ऐकलेले नाहीत. त्या दिवशी घोट घेऊन ते बराच वेळ गप्प बसले आणि हळूच म्हणाले, "आजोबांची ट्रंक उघडल्यासारखं वाटतं हो." कुणीही हसलं नाही. मग ते एकदम बोलायलाच लागले. ट्रंकेवर, आजोबांवर, कोकणातल्या घरावर.

बाटली साधी ग्लेनलिव्हेटच होती. खोक्यावर अननस लिहिलेला होता म्हणे. आम्ही खोकं रद्दीत टाकलं.