‘क्वेश्चन टाइम’ : बदलते नेतृत्व आणि संपादकीय उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चेचा कार्यक्रम प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो तो बहुधा सूत्रसंचालकामुळे. बीबीसीचा ‘क्वेश्चन टाइम’ हा कार्यक्रमही याला अपवाद नाही. २५ सप्टेंबर १९७९ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा इतिहास रॉबिन डे, पीटर सिसन्स, डेव्हिड डिंबलबी आणि फिओना ब्रूस या चार नावांत सांगण्याची प्रथा आहे. परंतु हा इतिहास अपुरा आहे. कार्यक्रमाचे संपादकीय नेतृत्व केवळ सूत्रसंचालकाकडे कधीच नव्हते. त्या नेतृत्वाचे स्थान उत्तरोत्तर अस्पष्ट होत गेले आणि उत्तरदायित्व मात्र पडद्यावरील एकाच चेहऱ्याकडे सरकले. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

कार्यक्रमाची रचना आणि संपादकाचे कार्य

नभोवाणीवरील ‘एनी क्वेश्चन्स?’ या कार्यक्रमाच्या धर्तीवर ‘क्वेश्चन टाइम’ची मांडणी झाली. सभागृहातील नागरिक प्रश्न विचारतात, व्यासपीठावरील राजकीय व अराजकीय वक्ते उत्तरे देतात आणि प्रश्न कोणते येणार याची वक्त्यांना पूर्वकल्पना नसते. ही रचना लोकशाहीला पोषक आहे यात शंका नाही. तथापि, प्रश्न जनतेचे असले तरी त्यांची निवड संपादकीय असते. वक्ते कोण, प्रेक्षकांत कोणत्या मतांच्या लोकांना प्रवेश, कोणता प्रश्न प्रथम, हे सर्व ध्वनिचित्रमुद्रणापूर्वीच ठरते. सूत्रसंचालक या प्रक्रियेत सहभागी असला तरी तो तिचा एकमेव कर्ता नसतो.

नेतृत्वातील स्थित्यंतरे

रॉबिन डे यांनी १९८९ पर्यंत कार्यक्रमाची धुरा वाहिली. मर्यादित काळासाठी योजलेला कार्यक्रम त्यांच्या करारी प्रश्नशैलीमुळे स्थिरावला. त्यांच्यानंतर सिसन्स आले. जानेवारी १९९४ ते डिसेंबर २०१८ असा जवळजवळ पंचवीस वर्षांचा काळ डिंबलबी यांचा होता आणि १० जानेवारी २०१९ पासून ब्रूस यांनी सूत्रे स्वीकारली. या प्रत्येक बदलाची वृत्तपत्रांनी भरपूर चर्चा केली.

त्याहून मूलगामी बदल मात्र तुलनेने शांतपणे झाले. १९९० च्या दशकात निर्मितीचे काम बीबीसीबाहेरील स्वतंत्र संस्थांकडे गेले. १९९८ पासून मेन्टॉर्न ही संस्था निर्मितीची जबाबदारी घेऊ लागली. १९९९ मध्ये वक्त्यांची संख्या चारवरून पाच झाली. परिणामी प्रत्येक वक्त्याच्या वाट्याचा वेळ घटला आणि सविस्तर प्रतिपादनापेक्षा चटकदार उत्तराला महत्त्व आले. चर्चेच्या स्वरूपावर याचा परिणाम सूत्रसंचालक बदलण्याइतकाच, किंबहुना अधिक झाला.

तीन वादप्रसंग

१३ सप्टेंबर २००१ च्या भागात, अमेरिकेवरील हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, माजी अमेरिकी राजदूत फिलिप लेडर यांना सभागृहातील तीव्र रोषास सामोरे जावे लागले. त्यानंतर बीबीसीचे महासंचालक ग्रेग डाइक यांनी क्षमायाचना केली. येथे संस्थेने जबाबदारी स्वीकारली.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी ब्रिटिश नॅशनल पार्टीचे निक ग्रिफिन यांना पाचारण करण्यात आले. त्याच वर्षी या पक्षाने युरोपीय संसदेत दोन जागा मिळवल्या होत्या. प्रेक्षकसंख्या सुमारे ८० लाखांवर गेली. निमंत्रणाचे समर्थन महासंचालक मार्क थॉम्प्सन यांनी केले, ते योग्यच होते. परंतु त्या भागातील बहुतेक चर्चा ग्रिफिन यांच्या व्यक्तित्वाभोवतीच फिरली. त्यांच्या पक्षाला मते देणाऱ्यांच्या प्रश्नांची मीमांसा झाली नाही. निमंत्रणाचा निर्णय तत्त्वाला धरून होता, प्रश्नांची मांडणी मात्र नाट्याकडे झुकणारी होती. या दुसऱ्या बाबीचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

मार्च २०२३ मध्ये स्टॅनली जॉन्सन यांच्यावर एका वक्त्याने कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप केला असता ब्रूस यांनी जॉन्सन यांच्या मित्रांचे म्हणणे प्रेक्षकांसमोर ठेवले. अनुपस्थित व्यक्तीची बाजू मांडणे हा बीबीसीच्या दृष्टीने सूत्रसंचालकाच्या कर्तव्याचा भाग होता. तरीही टीकेचा सारा भार ब्रूस यांच्यावर पडला आणि कौटुंबिक हिंसाचारपीडितांसाठी कार्य करणाऱ्या ‘रेफ्यूज’ संस्थेच्या सदिच्छादूतपदाचा त्यांना त्याग करावा लागला. संस्थेच्या नियमाची किंमत व्यक्तीने मोजली.

निष्कर्ष

सूत्रसंचालकाचे कौशल्य गौण आहे असे नाही. डे यांच्याविना हा कार्यक्रम रुजला नसता. तथापि, २००१ मध्ये संस्थेकडे असलेले उत्तरदायित्व २०२३ मध्ये व्यक्तीकडे गेलेले दिसते. सार्वजनिक शुल्कावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. वक्ते व प्रेक्षक यांच्या निवडीचे निकष आणि ती निवड करणाऱ्या संपादकाचे नाव प्रेक्षकांना सहज कळेल अशी व्यवस्था असल्याशिवाय, सूत्रसंचालक बदलला म्हणून कार्यक्रम बदलला असे म्हणता येणार नाही. माध्यमांच्या अध्यापनातही चर्चेच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन निवेदकाच्या शैलीपाशी न थांबता निवडीच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.