बाय-डोल कायद्याची कीर्ति

कायद्याची कीर्ति त्याच्या कर्तृत्वापुढें धांवूं लागली म्हणजे त्याची चौकशी करणें भाग पडतें. अमेरिकेंत १२ डिसेंबर १९८० रोजीं राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या बाय-डोल कायद्याचें असेंच झालें आहे. सरकारी पैशांतून लागलेल्या शोधाचें पेटंट आपल्या नांवें घेऊन कारखानदारास त्याचा परवाना विकण्याची मुभा त्यानें विद्यापीठांस सरसकट दिली. पूर्वीं खात्याखात्यांची मनधरणी करावी लागे. त्यामुळेंच प्रयोगशाळेंतील विद्या बाजारांत उतरली, अशी समजूत रूढ झाली. मावरी, नेल्सन, सांपत व झीडोनिस यांनीं 'आयव्हरी टॉवर अँड इंडस्ट्रियल इनोव्हेशन' (२००४) या ग्रंथांत ती समजूत कसास लावली आहे.

विद्यापीठें कायद्याच्या कितीतरी आधींपासून पेटंटें घेत होतीं. विस्कॉन्सिनची त्यासाठींची संस्था १९२५ सालची. कायद्याचे भाट ज्याचा हवाला देतात, तो कोहेन व बॉयर यांचा जनुकें जोडण्याचा शोधच घ्या. त्याचें पहिलें पेटंट २ डिसेंबर १९८० रोजीं, म्हणजे कायद्याच्या दहा दिवस आधीं मिळालें! त्याचा परवाना कोणा एकासच न देतां मागेल त्यास देण्यांत आला व चारशेंहून अधिक कंपन्यांनीं तो घेतला. ही पद्धति १९७३ सालींच शोधनिबंधांतून जगजाहीर झाली होती. कारखानदार ती पेटंटावांचूनहि वापरणारच होते. मग या परवान्यानें विद्येचा प्रसार झाला, कीं प्रसारावर जकात बसली? आमच्या मतें जकातच.

परंतु उलट बाजू ग्रंथकारांनीं लपविलेली नाहीं. कोलंबिया विद्यापीठांतील संशोधनांतून निघालेलें कांचबिंदूवरील झॅलाटन हें औषध खर्चिक चाचण्यांवांचून रोग्याच्या हातीं पडतें ना. आणि एकट्याच्या हक्काची हमी नसतां तो खर्च कोणत्या कंपनीनें सोसला असता? येथें आमचेंहि मत डळमळलें.

ग्रंथाची भाषा रुक्ष आहे, कोष्टकें फार. शोध पडून राहिल्यास सरकारनें मध्यें पडून दुसऱ्यास परवाना देववावा, अशी तरतूद कायद्यांत आहे. पहिल्या चाळीस वर्षांत ती एकदाहि वापरली गेली नाहीं. तिचा अधिक ऊहापोह आम्हांस हवा होता.

आमच्याकडे याच धर्तीचें विधेयक २००८ सालीं राज्यसभेंत आलें व २०१४ सालीं मागें घेतलें गेलें. तें आलें तेव्हां हा ग्रंथ चार वर्षांचा झाला होता. विधेयक रचणाऱ्यांपैकीं किती जणांनीं तो चाळला होता, हें विचारण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.