विश्वासाचा हिशेब: ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना आपल्याकडे तीन शब्द ठरल्यासारखे येतात: प्रांजळपणा, सहजता आणि विनोद. तिन्ही खरे आहेत. पण या स्तुतीत एक प्रश्न मागे राहून गेला. संकटात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, आणि त्या भरवशाची किंमत घरात कोण मोजते? मराठी ख्रिस्ती साहित्यात या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडणारे पुस्तक हेच आहे, असे माझे मत आहे.

मी साहित्याचा प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांतून मिळेल ते वाचत आलो. हा प्रश्न मला पुस्तकाआधी एका घरात भेटला. परिचयातल्या ख्रिस्ती कुटुंबातला कर्ता माणूस गेला, तेव्हा प्रार्थनेला गेलो होतो. देव सांभाळून घेईल, असे उपदेशक सांगत होते. त्याच वेळी घरातल्या बाई आतल्या दाराशी उभ्या राहून कपबशा पुरतील का, ते मोजत होत्या. त्यांचा विश्वास उणा होता, असे मला मुळीच वाटले नाही. पण त्या विश्वासाला नाव काय द्यावे, ते सुचेना. घरी येऊन ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढले.

पुस्तकाच्या आरंभीच दिसते ते भीतीतून आलेले धर्माचरण. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंचे आजोबा फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यावी, इथपर्यंत मजल गेली. हे वाचताना आपण हसतो. पण ते धुणे, वाळवणे, पुन्हा भरणे घरातल्या बायकांच्याच वाट्याला येत होते.

पुढे नारायण वामन टिळक येतात. त्यांचा स्वभाव याच्या अगदी उलट. भीती नाही, संचय नाही, उद्याची काळजी नाही. हाती आलेला पैसा गरजवंताकडे जायचा. ‘अभंगांजली’त ख्रिस्ताला माउली म्हणणाऱ्या या कवीच्या भरवशात खोट नव्हती. पण वडिलांची भीती आणि नवऱ्याचा निर्धास्तपणा, दोन्हींचा भार अखेर एकाच चुलीवर पडला. लक्ष्मीबाई हे कोठेही सूत्र म्हणून मांडत नाहीत. त्या फक्त प्रसंग एकापुढे एक ठेवतात, आणि वाचकाला ते आपोआप जुळलेले दिसतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांत होती. पुढची सुमारे पाच वर्षे दोघांची ताटातूट झाली. नंतर त्या टिळकांकडे आल्या, पण आपले सोवळे घेऊन. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना पटले ते स्वतः विचार केल्यावर. बाप्तिस्मा १९०० साली. नवऱ्याने ज्यासाठी घरदार सोडले, ते तिने त्याच्या शब्दावर घेतले नाही. या विलंबाकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. मला त्यातच त्यांच्या विश्वासाचा कणा दिसतो. उसना घेतलेला विश्वास पुढच्या वर्षांत टिकलाच नसता.

ती वर्षे सोपी नव्हती. नगरच्या घरात परक्यांची मुले वाढत होती, बालकवी ठोमरे घरच्या मुलासारखे राहून गेले. १९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१८च्या मे महिन्यात बालकवी भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले; १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. हे सारे खूप नंतर लिहिलेले; पहिला भाग निघाला १९३४ साली. काळ गेल्यावर दुःखावर हसणे सोपे असते. हे मी मान्य करतो. पण लक्ष्मीबाईंचे हसणे दुःख पुसत नाही. टिळकांचा संताप, तऱ्हेवाईकपणा, पैशाची ओढाताण हे सगळे त्या नोंदवतात. तरीही पुस्तक फिर्याद होत नाही. ज्याच्यावर त्या हसतात, त्याच्यावरच त्यांचे प्रेम आहे. देव माझी परीक्षा पाहत होता, असे म्हणून त्या नवऱ्याच्या चुका देवाच्या खात्यावर टाकत नाहीत. माझ्या मते त्यांच्या भक्तीची खरी खूण हीच आहे.

या वाचनाला आधार पुस्तकाबाहेरही आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते तडीस नेले. १९३६मध्ये त्या वारल्या. काव्य प्रसिद्ध झाले १९३८ साली. टिळकांच्या भरवशाने आरंभ केला. शेवटपर्यंत नेले ते लक्ष्मीबाईंच्या भरवशाने. दोन्ही विश्वासच, पण आपण पहिल्यालाच विश्वास म्हणत आलो आणि दुसऱ्याला चिकाटी म्हणून बाजूला ठेवले.

‘स्मृतिचित्रे’ घरोघरी पोहोचले. ‘ख्रिस्तायन’ मात्र क्वचितच कोणी उघडते. ते चौसष्ट अध्याय ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून कोणी तरुण अभ्यासकाने ओवी ओवी वाचावेत. त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या बाईंच्या विश्वासाला नाव मिळाले, तर ते तेथेच मिळेल.